साळवे सरांचं आयर्लंड

सकाळच्या पेपरात साळवे सर गेल्याची जाहिरात होती. फोटो जुना, ओळखपत्रासाठी काढतात तसला. खाली मजकूर: 'निवृत्त प्राध्यापक मिलिंद साळवे यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन. ते अत्यंत प्रेमळ व मनमिळाऊ स्वभावाचे होते.' मी चहाचा कप खाली ठेवून पुन्हा वाचलं. दुसरे कोणी साळवे असतील अशीही शंका येऊन गेली. प्रेमळ एक वेळ चालवून घेऊ, पण मनमिळाऊ? आमच्या स्टाफरूममधला पंखा सोडला तर या माणसाचं कोणाशी जमलं नव्हतं, आणि पंखाही बहुतेक वेळा बंदच असायचा. जाहिरात त्यांच्या मुलाने बंगळुरूहून फोनवर दिली असणार. जाहिरात घेणाऱ्याकडे मजकूर तयार असतो, नाव तेवढं बदलायचं.

ही जाहिरात वाचायला सर स्वतः नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटलं. कारण निधनाचं पान हेच त्यांचं रोजचं पहिलं वाचन. हडपसरहून स्कूटरवर वाघोलीच्या आमच्या कॉलेजात यायचे, हेल्मेट टेबलावर ठेवायचे आणि बातम्यांना हात लावायच्या आधी ते पान उघडायचे. हातात लाल पेन. 'परोपकारी'खाली रेघ, 'धर्मपरायण'पुढे प्रश्नचिन्ह, 'अजातशत्रू'वर सरळ काट. उत्तरपत्रिका तपासाव्यात तशी मेलेली माणसं तपासायचे. एकदा पेपर माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मॅडम, या शहरात रोज फक्त मनमिळाऊ माणसं मरतात. मागे कोण उरलंय ते आपण बघतोच आहोत." आणि समोर बसलेल्या उपप्राचार्यांकडे त्यांनी अगदी शांतपणे पाहिलं.

मी त्यांच्याच विभागात इंग्रजी शिकवायची. एम.ए.ला 'आधुनिक आयरिश नाटक' नावाचा एक ऐच्छिक विषय होता. बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत त्याचं गाईड मिळत नसे, म्हणून तो फारसा कोणी घेत नसे. साळवे सर तो निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. आयर्लंडला ते कधी गेले नाहीत, पासपोर्टसुद्धा काढला नाही. जाऊन बघितलं आणि तिथलेही मनमिळाऊ निघाले, तर मी शिकवायचं काय, असं विचारायचे.

पण पुस्तकातलं आयर्लंड त्यांना हडपसरच्या गाडीतळाइतकं पाठ होतं. पावसाने कुजलेलं गाव, एकच खोली, मधोमध मयत. मयताच्या उशाशी बाटली. शेजारीपाजारी रात्र जागवायला जमलेले आणि मेलेल्याच्या चिक्कूपणाच्या, थापांच्या गोष्टी सांगून खदाखदा हसणारे. या लोकांना दुःख नाही असं समजू नका, सर वर्गात सांगायचे. उपासमार, परक्यांचं राज्य, धर्मगुरूंचा जाच, निम्मं गाव बोटीत बसून कायमचं निघून गेलेलं, सगळं भोगून झालंय. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. म्हणून ते मयतापुढे खरं बोलतात, आणि मयतापुढे कोणी खरं बोललं की हसू येतंच.

'हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारं नाटक' ही ओळ एखाद्या जाहिरातीत दिसली की सरांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. डोळ्यांत पाणी कांदाही आणतो, म्हणायचे. रडणाऱ्याला हसू फुटलं पाहिजे, त्याची त्याला लाज वाटली पाहिजे आणि तरी ते थांबता कामा नये. असा प्रेक्षक पुण्यात एकदा तरी बघायचा, एवढी एकच महत्त्वाकांक्षा या माणसाला होती. बाकी पदं, पुरस्कार, परिसंवाद यांची त्यांना शिसारी होती, आणि त्यांनाही यांची.

त्यांची एक खोड होती. कोणी दुःखाची गोष्ट सांगून थांबलं, की सगळे 'अरेरे' म्हणायच्या बेतात असताना सर विचारायचे, "आणि मग?" लोकांना ते फार उद्धट वाटे. पण त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक दुःखाच्या गोष्टीत पुढचं एक वाक्य असतं आणि माणसं ते लाजेखातर गिळतात. आयरिश नाटककार तेवढं एक वाक्य लिहितात.

एका वर्षी वर्गात अभिषेक नावाच्या मुलाने विचारलं, "सर, डार्क कॉमेडीचे पॉइंट्स देणार का? एक्झामला पॉइंटवाइज लिहिलं तर मार्क्स मिळतात." सरांनी खडू ठेवला आणि वर्गाला विचारलं, मयताला गेल्यावर कोणाला कधी हसू आलंय का? सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग वाघोलीच्याच शेतकरी घरातल्या वैष्णवीने हात वर केला. तिचे आजोबा, घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे, वारले तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. ज्या बिल्डरला आजोबांनी जन्मभर जमीन दिली नाही, तो मोठा हार घेऊन आला. आजोबा त्याला बघितलं की कुत्रा सोडायचे. त्याने हार घातला, पाया पडला आणि पाया पडता पडताच तिच्या चुलत्याला हळूच विचारलं, की सातबारा आता कोणाच्या नावावर लागणार. तेवढ्यात खाटेखालून कुत्रा आला आणि त्याच्या पोटरीला चावला. रडणाऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"आणि मग?" सरांनी विचारलं.

"मग काय सर. चुलता म्हनला, दादांनी जाता जाता सही करून दिली."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते इतरांना हसताना बघायचे, स्वतः क्वचित हसायचे. "ही पास," त्यांनी जाहीर केलं. "बाकीच्यांनी अभ्यास करा."

आता उपप्राचार्यांबद्दल सांगायला हवं, कारण असे उपप्राचार्य या शहरात पैशाला पासरी आहेत आणि त्यांना कोणी काही म्हणत नाही. त्यांनी एकदा अगदी मायेने साळवे सरांना विचारलं, की आपल्याकडे एवढं आपलं साहित्य पडलेलं असताना आपण आयर्लंड कुठून काढलंत? यातलं 'आपलं साहित्य' म्हणजे 'तुमचं साहित्य', हे तिथल्या शिपायालाही कळलं. सरांचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेतलेले, वडील कारखान्यात कामगार, आणि साळवे आडनावाच्या माणसाने दुःखावर बोलावं, विनोदाच्या भानगडीत पडू नये, असं आमच्या सभ्य सहकाऱ्यांचं मत होतं. चर्चासत्रांना त्यांना बोलवायचे तेही वेदनेवर बोलायला. सरांनी उपप्राचार्यांना फक्त "आणि मग?" विचारलं. नंतर मला म्हणाले, "यांना माझ्याकडून रडं हवंय मॅडम. गरिबाघरचा माणूस हसला की यांना फसवल्यासारखं वाटतं." एवढं कडू ते एरवी बोलत नसत.

हा माणूस संत होता असा कोणी समज करून घेऊ नये. दुसऱ्याच्या विनोदाला दाद देणं त्यांना जमत नसे. घरी तर मुळीच नाही. शालिनीताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, महापालिकेत नोकरीला होत्या. खिडकीपलीकडच्या माणसाला एका वाक्यात जमिनीवर आणायची त्यांना सवय होती. मी एकदा चहाला गेले होते. सर मयत, बाटली आणि हास्य यांवर बोलत होते. ताईंनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "हे जगाला मरणाला हसायला शिकवतात, आणि दात काढायला जायच्या आधी मुलाला फोन करून निरोप घेतात. माझ्या मयताला हे विनोद सांगतील या भीतीने मी मरत नाहीये, नाहीतर कंटाळा कधीच आलाय." मला ठसका लागला. सर गंभीरपणे म्हणाले, याला विनोद म्हणत नाहीत, याला टोमणा म्हणतात, आणि दोन्हींतला फरक समजावून सांगू लागले. ताई उठून कुकर लावायला गेल्या. आयर्लंडचा समुद्र ओलांडून विनोद शोधायला गेलेल्या या विद्वानाला स्वयंपाकघर काही ओलांडता आलं नाही.

मग त्या नाटकाचं झालं. सरांनी आयरिश धाटणीची एकांकिका लिहिली. एका हाउसिंग सोसायटीचे सेक्रेटरी अण्णा वारलेत आणि पार्किंगमध्ये शोकसभा भरलीय, एवढीच गोष्ट. स्टेजवर हार घातलेला फोटो, उदबत्ती, प्लास्टिकच्या खुर्च्या. एक रहिवासी माइकवर अण्णांचे गोडवे गातो आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगतो. त्या शांततेत, मान खाली घालूनच, रहिवासी एकमेकांच्या कानात कुजबुजू लागतात. अण्णांनी गच्चीला कुलूप कसं घातलं, पाण्याच्या टाकीवर पहारा कसा दिला, कोणाच्या मुलीच्या लग्नात मांडव कसा काढायला लावला. सगळं हसू त्या कुजबुजीत होतं. आमच्या मुलांनी ती तालमीत इतकी छान बसवली होती की एकदा सरसुद्धा हसल्याचं मी पाहिलं.

हौशी स्पर्धा, हॉल बऱ्यापैकी भरलेला. पडदा वर गेला. रहिवाशाचं भाषण झालं. तो माइकवर म्हणाला, "आता आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून अण्णांना श्रद्धांजली वाहू या."

आणि प्रेक्षक उभे राहिले.

आधी पहिल्या रांगेतले दोघे म्हातारे, मग त्यांच्यामागची रांग, मग खुर्च्यांचा खडखडाट होत सगळं थिएटर. परीक्षकसुद्धा. पुण्यात कुठल्याही कार्यक्रमाच्या सुरुवातीला कोणी ना कोणी गेलेलं असतंच, त्यामुळे माइकवर 'दोन मिनिटं' ऐकलं की या गावाचे पाय डोक्याला न विचारता उभे राहतात. स्टेजवरच्या मुलांनी ठरल्याप्रमाणे कुजबुज सुरू केली. तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अहो, दोन मिनिटं तरी गप्प राहा. माणूस गेलाय." मुलं घाबरून गप्प झाली. सगळ्या नाटकातला जीव ज्या दोन मिनिटांत होता ती स्मशानशांततेत गेली. मग वॉचमनचं काम करणारा मुलगा "बसा" म्हणाला आणि थिएटर बसलं. पुढे अण्णांबद्दल कोणी खरं बोललं की प्रेक्षक दुखावल्यासारखे चुळबुळ करत होते. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, मग तो मुळात जन्मलेला का नसेना.

मी विंगेत गेले तेव्हा सर एका लाकडी ठोकळ्यावर बसले होते. म्हणाले, "मॅडम, उभे राहिले हो." मला वाटलं होतं, संतापतील. पण चेहरा उतरला होता. बक्षीस समारंभात परीक्षकांनी सांगितलं, की साळवे यांच्या लेखणीतून पिढ्यान् पिढ्यांची वेदना बोलते, आणि उत्तेजनार्थ म्हणून एक लाकडी स्मृतिचिन्ह हातात ठेवलं. सोसायटीच्या गच्चीच्या कुलपात परीक्षकांना पिढ्यान् पिढ्यांची वेदना कुठे दिसली देव जाणे. सरांनी पुन्हा नाटक लिहिलं नाही. शालिनीताईंनी ते स्मृतिचिन्ह स्वयंपाकघराच्या खिडकीला अडकण म्हणून लावलं, आणि त्या खिडकीचं आपटणं मात्र थांबलं.

सर निवृत्त झाल्यावर थोड्याच काळात शालिनीताई आजारी पडल्या. आजार असा होता की डॉक्टर आकड्यांत बोलायचे आणि नातेवाईक देवाधर्मावर. मी भेटायला गेले तेव्हा ताई उशीला टेकून बसल्या होत्या आणि सर पायथ्याशी मोसंबी सोलत होते, फार वाईट सोलत होते. ताई त्यांना म्हणाल्या, "माझ्या सभेत तुम्ही बोलायला उठू नका. नेहमीसारखं बोललात तर लोक मारतील, आणि चांगलं बोललात तर मी."

या वेळी सरांनी टोमणा आणि विनोद यांतला फरक सांगितला नाही. मोसंबीची फोड हातात धरून ते त्यांच्याकडे बघत राहिले. हा विनोद आपल्या घरात इतकी वर्षं फुकट चालला होता, हे त्यांना तेव्हा कळलं असं मला वाटतं. मला या माणसाची कीव आली आणि रागही आला.

ताई गेल्यावर काही दिवसांनी सरांचा फोन आला. पुण्यानुमोदनाच्या सभेत मी बोलणार आहे, म्हणाले. लोक तिला साध्वी करून टाकतील, मग ती खरोखर गेली. एक तरी माणूस ती जशी होती तशी सांगणारा पाहिजे, आणि हॉल हसला पाहिजे. त्यांनी एक प्रसंग निवडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी ताईंना एक अख्खं आयरिश नाटक मराठीत सांगितलं होतं, तीनही अंक, सगळ्यांचे आवाज काढून. शेवटी ताई म्हणाल्या होत्या, मेला कोण तेवढं सांगा, मला भात टाकायचाय. सरांनी तो मला फोनवर दोनदा म्हणून दाखवला. कुठे थांबायचं, कुठे वर बघायचं, सगळं बसवलेलं होतं. मी हसले. ते म्हणाले, हॉल हसेल ना? आवाजात अशी काकुळती होती की मी हो म्हणून टाकलं.

हडपसरच्या विहाराशेजारी हॉल होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं सतरंज्यांवर बसलेली. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, आणि मग भाषणं सुरू झाली. एक माजी नगरसेवक उशिरा आले, त्यांनी ताईंना दोनदा 'शकुंतलाताई' म्हटलं आणि रस्तारुंदीकरणात आपण काय काय केलं ते सांगितलं. त्यांच्यामागून आलेल्यांनी ताईंना त्यागमूर्ती, माउली आणि दीपस्तंभ केलं. ऑफिसातले एक साहेब, ज्यांना ताई बारा महिने तेरा काळ सुनावत असत, ते म्हणाले की त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द ऐकला नाही. मी सरांकडे बघत होते. लाल पेन असतं तर संपलं असतं.

मग सूत्रसंचालकाने त्यांचं नाव घेतलं. सर उठले, माइक हातात घेतला, फोटोकडे पाहिलं. मी मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणून दिलं: लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. त्यांचे ओठ हलले.

"शालिनी," ते म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, "शालिनी फार प्रेमळ होती. फार... मनमिळाऊ स्वभावाची होती."

मला कुठे बघावं ते कळेना. जन्मभर ज्या शब्दांवर काट मारली तेच ऐन वेळी तोंडातून निघाले, आणि दुसरं काही निघेना. हॉलमध्ये माना सहानुभूतीने हलल्या. तेवढ्यात बायकांच्या बाजूने, ताईंच्या थोरल्या बहिणीचा, शिरूरकडून आलेल्या कौसाबाईंचा खणखणीत आवाज आला.

"कोन? शालू?"

त्यांनी ते मुद्दाम म्हटलं नव्हतं. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. "अवो दाजी, कुनाचं सांगताय? घरमालकाला जिन्यावरून खाली हाकलला हुता की तिनं, तुमच्यादेखत. तुम्हीच तर मोरीत लपला हुता."

आधी ऑफिसातल्या साहेबांना हसू फुटलं, ज्यांनी कधी कठोर शब्द ऐकला नव्हता त्यांनाच. मग बायकांत एक लाट गेली, तोंडाला पदर लागले. सरांनी माइक खाली घेतला, पण तो चालूच होता, आणि त्यातून साऱ्या हॉलला ऐकू गेलं की सर हसतायत. सूत्रसंचालक बिचारा पांढराफटक पडला. सभा हातची जाते असं दिसताच त्याने त्याला येत होता तो एकमेव उपाय केला, आणि घाईघाईने म्हणाला, की आता आपण दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू.

सगळे उभे राहिले. माना खाली आणि खांदे हलतायत. मागून कोणीतरी नाकातून हसलं की पुढची रांग हलायची. आपल्याला लाज वाटतेय हे प्रत्येकाच्या पाठीवर दिसत होतं, आणि थांबता कोणालाच येत नव्हतं. सर फोटोपाशी उभे होते. ते हसत होते की रडत होते, असला नाटकी प्रश्न मला कोणी विचारू नये. मी जवळ उभी होते. हसत होते.

पुढे ते मुलाकडे बंगळुरूला गेले आणि आमची भेट झाली नाही. त्यामुळे मला शेवटचे दिसले ते त्याच दुपारी, जेवणाच्या पंगतीत. सतरंजीवर मांडी घालून कौसाबाईंच्या शेजारी बसले होते. पानातला भात तसाच होता. आजूबाजूला बायका-पोरं सरकून सरकून जवळ आली होती. कौसाबाई शालू लहानपणी शाळेतल्या मास्तरांना काय बोलली ते सांगत होत्या, आणि सांगता सांगता त्यांना हुंदका आला, तशा त्या थांबल्या. कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, सगळे 'अरेरे' म्हणायच्या बेतात होते. सरांनी पान बाजूला सारलं आणि त्यांच्याकडे वळून बसले.

"आणि मग?" ते म्हणाले.